नळी घरी की दवाखान्यात? मावशी की सिस्टर?

डिस्चार्जच्या कागदावर ‘आर.टी. फीड, कॅथेटर केअर’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे नाकातल्या नळीतून भरवणं आणि लघवीच्या नळीची निगा. पेशंट घरी येतो आणि मग डोक्याला हात लागतो: नर्सिंग ब्युरोतून बारा तासांची मावशी ठेवायची, कामापुरती सिस्टर बोलवायची, की दर वेळी ॲम्ब्युलन्स करून दवाखाना गाठायचा? वडिलांना पक्षाघात झाल्यावर आम्ही नाशिकच्या सिडकोतल्या घरात हे तिन्ही करून पाहिलं. चूक एकच झाली, दोन्ही नळ्यांना एकच उत्तर शोधत बसलो.

लघवीची नळी बदलायला सिस्टरच घरी बोलवावी. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवडे चालते, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. सिलिकॉन महाग, पण सिस्टरच्या फेऱ्या वाचतात आणि पेशंटचे हालही. नळी आणि पिशवी गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून आणून ठेवली तर हिशेब आपल्या हातात राहतो. पंधरा मिनिटांच्या कामासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत नेणं म्हणजे अख्खा दिवस जातो. नाशिकरोडकरांना तर मध्ये द्वारका चौक ओलांडायचा असतो. मात्र प्रोस्टेट वाढलेलं असेल, मूत्रमार्ग आकसलेला असेल किंवा मागच्या वेळी रक्त आलं असेल, तर घरी प्रयोग नकोत. तिथे डॉक्टरच हवेत.

सिस्टरने जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलाय का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. मी आणखी एक विचारतो: नळी मूत्राशयात अडकवून ठेवणारा फुगा कशाने भरता? उत्तर ‘निर्जंतुक पाणी’ असं यायला हवं. सलाइनने भरला तर क्षार जमून काढताना फुगा रिकामा न होण्याची भीती असते.

मावशीने नळी बदलायची नाही, पण रोजची राखण तिच्याइतकी कोणी करत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली, तरी जमिनीला न टेकलेली. दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी. आमच्याकडे कूस बदलताना पिशवी पलंगावरच राहून गेली होती. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप आला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा पिशवीचंच विचारलं. नळी असूनही लघवी थांबली आणि ओटीपोट फुगलं, तर सकाळची वाट पाहू नका.

नाकातल्या नळीचं गणित उलटं आहे. ती घालणं कधीतरी, पण तिच्यातून भरवणं दिवसातून सहा-आठ वेळा, आणि ठसका लागण्याचा धोका तिथेच. म्हणून इथे पैसे मावशीवर घालण्याआधी घरातल्या दोघांनी सिस्टरकडून हे शिकून घ्यावं. डोकं ३० ते ४५ अंश वर, भरवल्यावरही निदान अर्धा तास तसंच. नाकाजवळची खूण सरकली नाही ना, हे दर वेळी आधी बघायचं. नाचणीची पेज गाळूनच, आणि आधी-नंतर साधारण ३० मिली पाणी. गोळ्या कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

नळी निघाली तर? पेशंट गुंगीत असेल किंवा खोकला क्षीण असेल, तर माझं मत दवाखान्याच्या बाजूने, कारण नवी नळी पोटातच गेली, फुफ्फुसात नाही, हे दाखवणारा एक्स-रे तिथे होतो. हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटातला आवाज ऐकणं अजूनही चालतं, पण त्यावर विसंबता येत नाही. नळीतून ओढलेल्या पाण्याचा पट्टीवर पीएच (आम्लता) ५.५ किंवा त्याखाली आला तर बरं, पण ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर तोही वर दिसू शकतो. नळी चार-सहा आठवड्यांच्या पुढे लागणार असेल तर पोटातून घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोला. आम्ही तो विषय उगाच लांबवला.

आता लघवीच्या नळीचं कॅलेंडरवर लिहितो: घातल्याची तारीख, जाडी १६ नंबर, फुगा १० मिली. रात्री अडीचला आलेल्या अनोळखी सिस्टरने आल्या आल्या तेवढंच विचारलं होतं.