आठ महिने, एक टेम्प्लेट, नऊ बटणं: लिब्रेऑफिस रायटरवर दिवाळी अंकाचं संपादन

आम्ही पाच जण मिळून एक दिवाळी अंक काढतो. फेब्रुवारीत मी आमच्या गटासाठी लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये एक टेम्प्लेट (मांडणी आधीच ठरवून ठेवलेली नमुना फाइल) आणि एक टूलबार (बटणांची पट्टी) तयार केला. अंक नुकताच छपाईला गेला. जे अशाच कामात आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितेय.

आधी काय व्हायचं ते संपादन करणाऱ्यांना सांगायला नको. एकाची कथा मंगल फॉन्टमध्ये, दुसऱ्याची कोकिलामध्ये, शीर्षक कुणी ठळक केलेलं, कुणी नुसतं मोठं. मांडणी करणाऱ्याला प्रत्येक लेखात विचारावं लागायचं, ‘ताई, हे उपशीर्षक आहे की वाक्य?’

टेम्प्लेटमध्ये मी स्टाइल्सना, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांच्या ठरवून ठेवलेल्या संचांना, मराठी नावं दिली: लेख-शीर्षक, लेखकनाम, मजकूर, उतारा, चौकट, कविता-ओळ, कडवं-शेवट. दिसण्यावरून नव्हे, तर मजकूर कोणता आहे त्यावरून. सगळ्यात उपयोगी पडली ती ‘कविता-ओळ’. पूर्वी कुणी ओळीच्या शेवटी एंटर मारायचं, कुणी शिफ्ट-एंटर, आणि कडव्यांमधलं अंतर रिकाम्या ओळींनी भरायचं. आता ओळींमध्ये अंतर शून्य आणि कडव्याच्या शेवटच्या ओळीखाली ठरलेली जागा. बावीस कवितांमध्ये एकही रिकामी ओळ राहिली नाही. मांडणीच्या प्रोग्राममध्येही हीच नावं पोहोचली, त्यामुळे तो ताईला विचारायचा प्रश्न संपला.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. रायटर इंग्रजीसारख्या लिपीचा आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिपीचा फॉन्ट, आकार आणि भाषा वेगवेगळ्या ठेवतो. मी पहिल्या दिवशी वरच्या, म्हणजे इंग्रजीच्या रकान्यात आकार बदलत बसले आणि मराठी मजकूर जागचा हलेना. खालच्या रकान्यात भाषा मराठीच निवडा, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या एका निवडीने ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे उमटतात. आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधक काकांना हिंदी वळणाचा ‘ल’ खटकायचा. ते बरोबरच होते.

टूलबार करताना एक चूक माझ्याकडून झाली. ‘कस्टमाइझ’च्या खिडकीत ‘स्कोप’ असा एक पर्याय असतो. तो मी न पाहता तसाच ठेवला, त्यामुळे बटणं फक्त माझ्या संगणकावर राहिली. टेम्प्लेटची फाइल संपादनासाठी उघडून स्कोपमध्ये तिचंच नाव निवडायचं, म्हणजे टूलबार त्या फाइलीत जतन होतो. स्टाइल्स थेट बटण म्हणून टाकता येतात आणि बटणांची नावं मराठीत बदलता येतात. आधी मी चोवीस बटणं ठेवली होती. महिन्याभरात कळलं की वापरतो नऊच: सहा स्टाइल्स, टिप्पणी, बदलांची नोंद आणि ‘साफसफाई’.

‘साफसफाई’ म्हणजे शोधा-बदला करणारा छोटा मॅक्रो (एका बटणावर आपोआप चालणाऱ्या आज्ञा), आणि माझ्या मते खरा फायदा इथे आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच, पण ‘ॲसिड’ शोधलं तर निम्मे सापडत नाहीत. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. हे सगळं एकाच रूपात आणलं की मग शब्दांची एकवाक्यता तपासता येते.

विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवय तर सार्वत्रिक. दोन देवनागरी चिन्हांमध्ये कोलन दिसला की विसर्ग करायचा असा नियम मी लिहिला. ‘दु:ख’, ‘अंत:करण’ सुधारलं, पण एका प्रवासवर्णनात ‘रात्री ९:३०’च्या आकड्यांमध्येही विसर्ग घुसला. संगणकाच्या लेखी मराठी आकडेही देवनागरी चिन्हांतच मोडतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नियमातून आकडे वगळले. शब्दाच्या शेवटी येणारे ‘स्वत:’, ‘विशेषत:’ मात्र यादी देऊनच बदलतो, कारण ‘तो म्हणाला:’मधला कोलन खरा असतो.

जूनमध्ये उताऱ्याचा समास बदलायचा ठरलं. टेम्प्लेट बदललं की त्यावरून केलेली फाइल उघडताना रायटर विचारतो, स्टाइल्स अपडेट करू की जुन्याच ठेवू. आमच्यापैकी एकीने घाईत ‘जुन्याच ठेवा’ निवडलं. त्यानंतर त्या फाइलीला तो प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. तिच्याकडचे चार लेख हाताने नीट करावे लागले. तेव्हापासून टेम्प्लेट बदललं की मी गटावर आधी कळवते: अपडेटच करा.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. लेखकांकडून दुसऱ्या प्रोग्रामात जाऊन परत आलेल्या फाइलीवर स्टाइल्स तपासाव्याच लागतात, म्हणून आता लेखकांना तपासायला पीडीएफ पाठवतो. आणि काका अजूनही शेवटचं वाचन कागदावर, लाल पेनानेच करतात. त्यांना मी बटणं शिकवायला गेले नाही. फक्त त्यांच्यासाठी टेम्प्लेटची दुसरी प्रत केली आहे: दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर, उजवीकडे रुंद समास आणि अठरा पॉइंटचं अक्षर. आम्हाला सुटलेल्या सतरा चुका यंदा त्या समासात सापडल्या.