ट्रेटिनॉइन ०.०२५, ०.०५ आणि ०.१, तिन्ही लावून झालेत, कुठलं घ्यायचं ते सविस्तर सांगते

काल रात्री भाचीचा मेसेज आला, ट्रेटिनॉइनच्या (पिंपल्स, डाग, सुरकुत्या यांसाठी चेहऱ्याला लावायचं औषध) एका ट्यूबचा फोटो, त्यावर ०.१ टक्के लिहिलेलं आणि खाली "मावशी हे लावू का गं, रूममेटला मस्त फरक पडलाय". तिला उत्तर टाइप करता करता ते एवढं मोठं झालं की म्हटलं नीट रिव्ह्यूच लिहून टाकू, कारण हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या तीन जणींनी विचारलाय आणि दीड वर्षापूर्वी मला कोणीतरी हे सगळं सांगायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय ३७, रंग गव्हाळ-सावळा, कपाळ नाक तेलकट आणि गाल कोरडे, जबड्याच्या कडेने पाळीच्या आधी दर महिन्याला दोन-तीन मोठे दुखरे पिंपल्स आणि ते गेले की त्यांचे तपकिरी डाग तीन तीन महिने. रोज धायरी ते स्वारगेट टू व्हीलरवर, म्हणजे ऊन आणि धूळ दोन्ही भरपूर.

सुरुवातच माझी ०.१ जेलने झाली. एका स्किन क्लिनिकमध्ये गेले होते (नाव लिहीत नाही), पाच मिनिटांत चिठ्ठी हातात, रोज रात्री लावा, बस्स. मॉइश्चरायझर काय, सनस्क्रीन काय, किती लावायचं, काहीच नाही. मार्च महिना, पुण्यातलं ते कोरडं ऊन, आणि मी रोज रात्री बोटभर जेल तोंडभर चोळतेय. पहिल्या चार रात्री काहीच झालं नाही म्हणून वाटलं अरे वा, सूट झालं आपल्याला. आठव्या दिवशी सकाळी ब्रश करताना पेस्टचा फेस ओठांच्या कोपऱ्याला लागला आणि डोळ्यातून पाणी आलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाकपुडी गालाला मिळते ना तिथे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटायला लागली, साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी मिरची लागल्यासारखं व्हायचं, रविवारी मिसळ खायला बसलो तर रस्सा ओठाला लागला आणि मी ताट बाजूला सारलं. ऑफिसमध्ये एकजण म्हणाली "अगं भाजलं का काही?" क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर मिळालं, नॉर्मल आहे मॅडम, लावत राहा. आणि मी लावत राहिले, आणखी सहा दिवस.

साल निघाली ते एक वेळ ठीक, पण त्याखालून तोंडाच्या दोन्ही बाजूंना जे तपकिरी पट्टे आले ते दिवाळीपर्यंत गेले नाहीत. मार्च ते दिवाळी! ज्या डागांसाठी क्रीम सुरू केलं त्याच्यापेक्षा मोठे डाग त्या क्रीमनेच दिले. आणि हे फक्त माझंच असं नाही, आपल्या भारतीय स्किनचा तो स्वभावच आहे, गोऱ्या कातडीवर जळजळ झाली तर ती बरेचदा लाल होऊन निवते, आपल्याकडे तीच जळजळ मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) वाढवते आणि मागे डाग ठेवून जाते. त्यामुळे "थोडं सोललं तर सोललं, काम करतंय म्हणजे" हे आपल्या रंगाच्या माणसाने डोक्यातून काढून टाकायला पाहिजे.

दीड महिना सगळं बंद ठेवलं, नुसतं साधं मॉइश्चरायझर. मग मैत्रिणीने कोथरूडच्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला बसवून समजावलं. त्यांचा पहिला प्रश्न, प्रेग्नन्सीचा काही प्लॅन आहे का, कारण असेल तर रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधं, ट्रेटिनॉइन त्यातलंच) द्यायचंच नाही, हे मला आधीच्या ठिकाणी कोणी विचारलंही नव्हतं. दुसरा प्रश्न, सध्या आणखी काय काय लावता. मी ग्लायकोलिक अॅसिडचा फेसवॉश आणि अक्रोडाचा स्क्रब सांगितला, दोन्ही त्याच दिवशी बंद.

मग नंबरांचं गणित, ते त्यांनी पॅडच्या मागे लिहूनच दाखवलं. ०.०२५ टक्के म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये २५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे आपल्या २० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये फक्त ५ मिलिग्रॅम. ०.०५ म्हणजे त्याच्या दुप्पट, ०.१ म्हणजे चौपट. मी त्या शून्यांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, मला वाटायचं ०.१ हा छोटा आकडा आहे आणि ०.०२५ मध्ये मागे पंचवीस आहे म्हणजे तेच मोठं असणार. हसू नका, मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बघा किती लोक असंच समजतात.

पण चौपट औषध म्हणजे चौपट फरक असं होत नाही, हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटला. नंतर मी शोधून वाचलं, १९९५ साली अमेरिकेत ०.१ आणि ०.०२५ ची ४८ आठवडे तुलना केली होती, उन्हाने खराब झालेल्या स्किनवर दोन्हीचा फायदा साधारण सारखाच निघाला, जळजळ मात्र ०.१ मध्ये कितीतरी जास्त. तो अभ्यास पिंपल्सवर नव्हता, त्यामुळे पिंपल्सनाही जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही, पण जी बाई सुरकुत्या आणि उन्हाच्या डागांसाठी घेतेय तिला थेट ०.१ वर उडी मारायचं काही कारण दिसत नाही.

मॅडमनी दिलं ०.०२५, आणि जेल नाही, क्रीम. हाही फरक मला माहीत नव्हता. साध्या जेलमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, ते स्किन आणखी वाळवतं, तेलकट चेहऱ्याला चालून जातं, माझ्यासारख्या कोरड्या गालांना क्रीम बरं. मायक्रो म्हणून एक जेलचा प्रकार येतो त्यात औषध हळूहळू सुटतं, तो मी वापरलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

लावायचं कसं, तर आठवड्यातून दोनच रात्री, सोमवार आणि गुरुवार. चेहरा धुऊन वीस-तीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, आधी मॉइश्चरायझर, मग मटारच्या दाण्याएवढं क्रीम, पूर्ण चेहऱ्याला एवढंच बरं का, कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरायचं, वरून परत मॉइश्चरायझर. नाकाचे कोपरे, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांजवळ आधीच थोडं व्हॅसलीन. रात्रीच लावायचं कारण हे औषध उजेडात खराब होतं. आणि सकाळी सनस्क्रीन, न चुकता. मी म्हटलं अहो मॅडम मी स्कार्फ गुंडाळून गाडी चालवते, तर त्या म्हणाल्या स्कार्फ सिग्नलला सुटतो, सनस्क्रीन सुटत नाही, दोन्ही करा. त्यांचं एक वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय, "आधी रात्री वाढवायच्या, नंबर नंतर." म्हणजे दोनच्या तीन रात्री, मग एक आड एक, आणि तरी चेहरा शांत असेल आणि पिंपल्स मात्र येतच असतील तरच ट्यूब बदलायची.

०.०२५ चा अनुभव: पहिले दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जबड्यावर बारीक बारीक पुळ्या वाढल्या, आई म्हणाली "काय ते फासतेस, होतं ते बरं होतं". मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की आत दडलेलं वर येतं, चार-सहा आठवडे धीर धरा, म्हणून बंद केलं नाही. गणपतीपर्यंत मी एक आड एक रात्रीवर आले होते, तेव्हा आरतीला आलेल्या जाऊबाई म्हणाल्या चेहरा स्वच्छ दिसतोय. खरा फरक दिसायला साडेतीन महिने लागले, पण या साडेतीन महिन्यांत एकदाही साल निघाली नाही, एकही रात्र झोंबण्याने जागून काढली नाही. २० ग्रॅमची ट्यूब जवळजवळ पाच महिने पुरली, पार्लरच्या एका फेशियलपेक्षा कमी खर्चात. पहिल्यांदा लावणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन, डोळे झाकून. म्हणजे डॉक्टरांना विचारून, पण मनात शंका न ठेवता.

एक चूक मात्र झाली ती सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी अप्पर लिपचं थ्रेडिंग करून घेतलं, आदल्या रात्री क्रीम लावलं होतं हे विसरले. पार्लरवालीने दोरा फिरवला आणि ओठाच्या वर नखाएवढी कातडी दोऱ्याबरोबर उचलली गेली, लाल ओलं दिसायला लागलं. आता मी थ्रेडिंग, व्हॅक्सिंगच्या आधी पूर्ण आठवडाभर त्या जागेला क्रीम लावत नाही आणि पार्लरमध्ये आधीच सांगते की मी ट्रेटिनॉइन लावते. ब्लीच तर कायमचं बंद. आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा एवढी कोरडी होते की जुलैमध्ये आरामात चाललेलं एक आड एक तेव्हा चालत नाही, मी त्या दोन महिन्यांत परत सोमवार-गुरुवारवर आले.

फेब्रुवारीत मॅडमनी ०.०५ क्रीम दिलं कारण डाग गेले होते पण जबड्यावर पाळीच्या आधीचा एखादा पिंपल अजून यायचाच. परत दोन रात्रींपासून सुरुवात. पहिले तीन आठवडे हनुवटीवर जरा खवले आले, मॉइश्चरायझर वाढवल्यावर गेले. आता तीन महिने झाले, महिन्याला एखादा छोटा पिंपल, दुखरा नाही, डाग सोडत नाही. माझ्यासाठी हेच योग्य निघालं. पण मी प्रामाणिकपणे सांगते, ०.०२५ न झेलता थेट ०.०५ घेतलं असतं तर माझ्या गालांनी ते सहन केलं असतं असं मला वाटत नाही. आणि ०.१? कोणाला तरी लागत असेलच, ज्यांची स्किन जाड तेलकट आहे, ज्यांनी खालचे दोन्ही महिनोन्महिने पचवलेत आणि डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. पहिली ट्यूब म्हणून नाही, कधीच नाही.

आता दोन गोष्टी ज्यात लोकांचा फार गोंधळ होतो.

एक, अॅडापलीन. हे पिंपल्सवरचं दुसरं रेटिनॉइड, ते ०.१ जेलमध्ये मिळतं आणि माझी चुलत वहिनी अमेरिकेहून आली तेव्हा घेऊन आली, तिकडे २०१६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं. मी ०.१ बघूनच घाबरले, आपला मार्चचा अनुभव आठवला. पण हे औषधच वेगळं आहे, याचा ०.१ आणि ट्रेटिनॉइनचा ०.१ यांची तुलना होत नाही, अॅडापलीन साधारणपणे सौम्य लागतं आणि पिंपल्ससाठी बऱ्याच डॉक्टरांची ती पहिली पसंती असते. म्हणजे नुसता आकडा वाचून काही कळत नाही, आधी नाव वाचा, मग आकडा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पेठेतल्या एका मेडिकलमध्ये मी चिठ्ठी विसरून गेले होते, नुसतं ट्रेटिनॉइन द्या म्हटलं, तर काउंटरवरच्या दादांनी दुसरीच ट्यूब काढली, "ताई हे घ्या, आठ दिवसांत गोरं करतं, सगळे हेच नेतात". मागचं बारीक अक्षर वाचलं तर हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे! आठ दिवसांत चेहरा उजळ आणि शांत दिसतो तो त्या स्टेरॉइडमुळे, आणि महिनोन्महिने लावलं की स्किन पातळ होते, लालसर शिरा दिसायला लागतात, केस वाढतात, आणि बंद केलं की सगळं उसळून येतं, त्यामुळे बायका बंदच करू शकत नाहीत. असल्या क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे तरी सर्रास हातात ठेवतात. डॉक्टर मेलाझ्मासाठी (चेहऱ्यावरच्या वांगासाठी) ठरावीक आठवडे देतात ते वेगळं, पण फेअरनेस क्रीम म्हणून ते रोज लावायचं नसतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी दोन वर्षं लावलं, आता ऊन लागलं की गाल पेटल्यासारखे होतात त्यांचे, बघवत नाही.

म्हणून भाचीला मी एवढंच लिहिलं की ट्यूबची मागची बाजू दाखव. तिने फोटो पाठवला, ट्रेटिनॉइन जेल ०.१, स्टेरॉइड नाही, तेवढं तरी बरं. पण वय २१, स्किन माझ्यापेक्षा कोरडी, रोज हिंजवडीला इंटर्नशिपला स्कूटीवर जाते आणि सनस्क्रीन लावायचा कंटाळा. शनिवारी साडेअकराची अपॉइंटमेंट घेतलीये कोथरूडला, ती रूममेटची ट्यूब बरोबर आण म्हटलंय, आणि तोपर्यंत नुसतं मॉइश्चरायझर.