लांबून आखूड अंतरावर येणारे घोडे शोधणारं अ‍ॅप: ३.५ स्टार
चार महिने झाले हे घोड्यांच्या फॉर्मचं, म्हणजे मागच्या रेसेसमधल्या कामगिरीचं, अ‍ॅप वापरतोय, घेतलं ते फक्त एका फिल्टरसाठी, मागची रेस लांब आणि आजची आखूड असे घोडे वेगळे काढून देतं. ते काम भारी करतं. पण नुसती यादी बघून पैसे लावू नका प्लीज, १६०० मीटरवरून १२०० वर आलेला प्रत्येक घोडा चालत नाही, बऱ्याच जणांना सुरुवातीचा स्पीडच झेपत नाही, मागे पडतात आणि मग गाठायला अंतरच उरत नाही. मी आधी बघतो की मागच्या रेसमध्ये घोडा पुढे होता का आणि शेवटच्या फर्लांगात, म्हणजे साधारण २०० मीटरमध्ये दमला का, तसा असेल तर खरा फायदा त्याला. पुढे पळणारे तीनचार असतील किंवा ट्रॅक ओला, जड असेल तर मागून येणाऱ्यालाही चान्स असतो, तिथे स्टॅमिना कामी येतो.

हे सगळं कळायला सेक्शनल टायमिंग, म्हणजे रेसच्या प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ, लागतं आणि नेमकं तेच कितीतरी रेसेसचं अ‍ॅपमध्ये नसतं, पैसे भरून घेतल्यावर याचा खरंच राग येतो. ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा नंबर) आणि घोड्यावरचं वजन मात्र नीट दिसतं. सेक्शनल टाका, लगेच पाच स्टार देतो.