एरंडवण्यातील व्यवस्थापन कार्यशाळा : पैसे कोठे वसूल झाले आणि कोठे नाहीत

गेल्या महिन्यात एरंडवण्यातील एका प्रशिक्षण संस्थेने कामाच्या ठिकाणच्या गुंतागुंतीच्या प्रसंगांवर घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी स्वखर्चाने गेलो होतो. भोसरीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. हाताखाली तीन पाळ्यांतील माणसे आणि डोक्यावर दोन वरिष्ठ असल्यामुळे दोन्हीकडची बोलणी ऐकण्याचा मला पुरेसा सराव आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे नोंदवलेला आक्षेप आमच्या एका तुकडीपुरताच असू शकतो.

जागा सोयीची होती. पिंपरीहून मेट्रोने निघून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली की नळ स्टॉपला उतरून चालत जाता येते. गाडी घेऊन येणाऱ्यांचा पहिला अर्धा तास मात्र पार्किंग शोधण्यातच गेला. सरकफलक इंग्रजीत असले, तरी चर्चा मराठीत होती आणि त्यामुळे माणसे मोकळेपणाने बोलली.

पहिल्या दिवसाचा गाभा होता तो कनेव्हिन नावाचा आराखडा. डेव्ह स्नोडन यांनी १९९९ मध्ये आयबीएममध्ये असताना तो मांडला आणि अधिवास या अर्थाच्या वेल्श शब्दावरून त्याला नाव दिले. अवघड प्रसंग आणि गुंतागुंतीचा प्रसंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे मुख्य सांगणे. बिघडलेले सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) यंत्र हे अवघड प्रकरण असते. जाणकार बोलावला, तपासणी केली की कारण सापडते. गुंतागुंतीच्या प्रसंगात मात्र कार्यकारणाचा धागा मागे वळून पाहतानाच दिसतो, म्हणून तेथे आधी छोटा, फसला तरी निभावेल असा प्रयोग करावा, काय होते ते पाहावे आणि मग पुढचे पाऊल टाकावे. प्रेसवर अपघात झाला, तर यापैकी काहीच करायचे नसते; आधी यंत्र बंद करून जखमीला रुग्णालयात न्यायचे आणि कारणे नंतर विचारायची.

हे ऐकायला सोपे वाटते. पण त्यानंतर दिलेल्या सरावाने खोलीतील बहुतेकांची पंचाईत केली. रात्रपाळीत गेज (सुट्या भागाचे माप तपासण्याचे साधन) न लावताच तपासणी पत्रकावर सह्या होतात, तर काय कराल, असा प्रश्न होता. आम्ही सगळे कारखान्यातलेच असल्याने पाच वेळा ‘का’ विचारून दहा मिनिटांत उत्तर काढले: नवे पत्रक, दुहेरी सही आणि सुपरवायझरला मेमो. प्रशिक्षकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, खरे रिजेक्शन, म्हणजे नापास झालेल्या भागांची संख्या, लिहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत कोणाला बोलणी खावी लागतात. खोलीत कोणी लगेच बोलले नाही. आकडा लिहिणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर दुसरी सहीसुद्धा पहिलीसारखीच होणार, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते. ते पत्रकाच्या रकान्यात बसत नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिले होते, इतकेच. या एका तासासाठी मी शुल्काचा मोठा हिस्सा आनंदाने माफ करतो.

दुसऱ्या दिवसाची सकाळ थॉमस आणि किलमन यांच्या १९७४ च्या संघर्षशैली चाचणीत गेली. विधानांच्या तीस जोड्यांतून प्रत्येकी एक निवडायची आणि आपण भिडतो, टाळतो की नमते घेतो, हे पाहायचे. मी वरिष्ठांपुढे टाळतो आणि कामगारांपुढे भिडतो. चाचणी मात्र दोघांची सरासरी काढून मला मधेच कोठेतरी बसवते. करमणूक म्हणून ठीक.

माझा खरा आक्षेप दुपारच्या सत्रावर आहे. सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल महिला कर्मचाऱ्याने केलेली तक्रार हे प्रकरण तेथे ‘संवादातील दरी’ या सदराखाली घेतले गेले आणि दोघांना समोरासमोर बसवून बोलते करावे, असा सल्ला दिला गेला. प्रकरणात वर्णन केलेले वागणे उघडपणे लैंगिक छळाचे होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती असावीच लागते. चौकशीपूर्वी समेट घडवायचा असेल, तर तो पीडित महिलेने स्वतः मागितला तरच, समितीमार्फत आणि पैशांच्या देवाणघेवाणीचा आधार न घेता. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते आणि गोपनीयतेचे बंधनही असते. विभागप्रमुखाने हे स्वतःच्या खोलीत मिटवायला घेणे म्हणजे चुकीच्या दारातून आत शिरणे होय. एका सहभागी बाईंनी हे स्पष्टपणे निदर्शनास आणले, तेव्हा ‘तो कायद्याचा भाग झाला’ असे म्हणून विषय पुढे ढकलण्यात आला. प्रयोग कोठे करू नये, हे शिकवणे हा आराखड्याचाच भाग नव्हता काय?

परत आल्यावर मी आमच्या एका लाइनवर दोन आठवडे सकाळच्या बैठकीत रिजेक्शनचा जाब विचारणे थांबवले. आकडा वाढला. तो वाढणार होताच, कारण आधी तो लिहिलाच जात नव्हता. पण वरच्या मजल्यावर ते पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले. शुल्कात समाविष्ट असलेल्या दूरध्वनीवरील तासाभराच्या मार्गदर्शनात मी हे सांगितले, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले की प्रयोगाची आणि आकडा आधी वाढेल याची कल्पना वरिष्ठांना सुरुवातीलाच द्यायला हवी होती. उत्तर बिनतोड आहे, फक्त ते दुसऱ्या दिवशीच्या त्या दुपारी मिळायला हवे होते.