वॉयली मोजायची कशी: पिंजऱ्याने की कॅमेऱ्याने?

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९६ पासून ‘वेस्टर्न शील्ड’ मोहिमेत, युरोपातून आणलेल्या लाल खोकडांसाठी ‘१०८०’ नावाच्या विषाची आमिषं टाकली जातात. तिथल्या काही वनस्पतींतच हे विष असल्याने स्थानिक प्राणी ते बऱ्यापैकी पचवतात. पण खोकडं घटली म्हणजे त्यांचं भक्ष्य असलेल्या वॉयली वाढल्या, असं धरून चालत नाही; त्या मोजाव्याच लागतात.

वॉयली म्हणजे सशाएवढा, कांगारूंच्या नात्यातला शिशुधानी प्राणी. पिंजऱ्यात सापडली की वजन करता येतं, पिशवीतलं पिल्लू पाहता येतं, कानात बिल्ला लावता येतो. तीच पुन्हा सापडली तर जगण्याचं प्रमाण कळतं. मात्र रोज पहाटे पिंजरे तपासायला माणसं लागतात, प्राण्यालाही ताण येतो. वाळवीवर जगणारा नम्बॅट तर पिंजऱ्यातल्या आमिषाला सहसा भुलत नाही.

कॅमेरा कित्येक आठवडे एकटा राबतो. खोकडं आणि रानटी झालेली मांजरंही टिपतो. चुडिच या मांसभक्षक शिशुधानी प्राण्यातला एकेक जण ठिपक्यांवरून ओळखता येतो, वॉयली मात्र सगळ्या सारख्याच दिसतात.

१९९९ नंतरच्या काही वर्षांत वॉयलींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी कोसळली, तीही विषाची आमिषं टाकणं चालू असताना. मांजरांवर दाट संशय आहे. अशा वेळी निव्वळ फोटोंवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. खर्च वाचवायला पिंजरे कमी करावेत, बंद करू नयेत.