जपानला ३ महिने गाण्याचं काम देणारा अंधेरीचा एजंट, माझा अनुभव

मी ठाण्याला ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाते, १२ वर्षं झाली. बाहेरगावचं कॉन्ट्रॅक्ट आमच्यात नवीन नाही, २००५ ला डान्सबार बंद झाले तेव्हा कितीतरी जणी दुबईला गेल्या. एजंटचं नाव लिहीत नाहीये कारण माझे पैसे अडकलेत.

ऑफिस चकाचक, एसी, चहा येतो, माणूस ताई ताई करतो. स्कीम अशी की ९० दिवस, राहायला रूम, रोजच्या पैशांची गॅरंटी, आणि "क्लबला लायसन्स आहे ताई, सगळं लीगल". हे तो चारदा बोलला आणि मी तिथेच फसले. ४० हजार ॲडव्हान्स दिला, पासपोर्टपण दिला.

आमच्या बिल्डिंगमधली एक पोरगी जपानी शिकते, तिला एजंटने दिलेला पेपर दाखवला तर तिने एका शब्दावर बोट ठेवलं, सेत्ताई. म्हणजे कस्टमरच्या बाजूला बसून दारू ओतायची, गप्पा मारायच्या, त्याच्यासोबत कराओके गायचं. जपानमध्ये या धंद्याला १९४८ च्या कायद्याखाली लायसन्स लागतं हे खरंय, पण ते लायसन्स दुकानाचं असतं हो, आपलं नाही! टुरिस्ट व्हिसावर कुठलंच काम चालत नाही, आणि एंटरटेनर व्हिसा असला तरी स्टेजवर गायचं, टेबलावर बसायचं नाही. बसायला जपानी माणसाची बायको नाहीतर तिथली कायमची रहिवासी वगैरे असावं लागतं. हा मला टुरिस्टवर पाठवत होता.

तिकडच्या बायकापण मोठ्या शहरातून लहान गावात थोडे दिवस अशा कामाला जातात, देकासेगी म्हणतात त्याला, मूळ शब्द बर्फाच्या भागातले शेतकरी हिवाळ्यात कामाला बाहेर पडायचे त्यांचा, आपले ऊसतोडवाले जातात तसंच. त्यांनापण गॅरंटी सांगून रूमचे नि सटरफटर खर्चाचे पैसे कापतात. दलालांचा एवढा सुळसुळाट झाला की तिथल्या सेक्सच्या दुकानांनी मुलगी आणल्याबद्दल दलालाला कमिशन देण्यावर जून २०२५ पासून बंदी आलीय. पण त्या बायकांना नाही पटलं तर ट्रेन पकडून घरी जाता येतं, मी कुठली ट्रेन पकडणार होते?

फीचं पण ऐका. सरकारकडे रजिस्टर असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी घेऊ शकतो, याने १,१०,००० सांगितले होते. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर रजिस्टर एजंटची यादी असते, त्यात याचं नाव नाही. मी हे आधी बघायला हवं होतं, तुम्ही तरी बघा, नाहीतर बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे तिथे जाऊन विचारा.

पासपोर्ट मागायला गेले तेव्हा त्याने ड्रॉवर उघडला, आत रबरबँड लावलेला पासपोर्टचा गठ्ठा, माझा शोधायला पत्त्यांसारखे एकेक बाजूला टाकत होता. माझा मिळाला, १५ हजार पण मिळाले. बाकीचे २५ सोमवारी देतो म्हणतो, चार सोमवार झाले. आता मी पोलिसात लेखी तक्रार देतेय, त्या गठ्ठ्यातली कोणी हे वाचत असेल तर माझ्यासोबत चल, एकटीपेक्षा दोघी बऱ्या.