मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेस: ओपॉसमच्या वर्गीकरणासाठी कितपत उपयोगी?

सस्तन प्राण्यांची नावं आणि वर्गीकरण देणारा अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्सचा हा डेटाबेस मोफत आहे. कस लावायला ‘चाकोडेल्फिस फॉर्मोसा’ शोधा. अर्जेंटिनाच्या फॉर्मोसा प्रांतातलं हे चिमुकलं ओपॉसम (कांगारूसारखाच शिशुधानी गटातला प्राणी) १९३०मध्ये ‘मार्मोसा’ प्रजातीत (जीनस) नोंदलं गेलं. २००४मध्ये व्हॉस, गार्डनर आणि जान्सा यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती दिली. तोवर हाती नमुना एकच होता! नावापुढचं ‘शामेल, १९३०’, म्हणजे मूळ नाव देणारा संशोधक आणि वर्ष, कंसात आहे, कारण प्रजाती बदलली. हा कंस गाळू नका, नवखे तिथंच चुकतात.

डेटाबेसची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) थेट एक्सेलमध्ये उघडल्यास स्पॅनिश अक्षरं बिघडतात. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडून इम्पोर्ट करा. आवृत्तीचा क्रमांकही नोंदवा, नावं बदलत राहतात. दात-कवटीवरून ओळख पटवायला मात्र मूळ शोधनिबंधच हवेत.

नावांसाठी पहिली पसंती हीच.